खाडीवरचा सूर्यास्त फोटोत फिका का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा: "ऐरोलीला राहतो. संध्याकाळी खाडीकडे फिरायला गेलो की आभाळ केशरी-जांभळं दिसतं. फोटोत मात्र सूर्याच्या जागी पांढरा डाग येतो आणि भोवतालचं आभाळ फिकट पडतं. आभाळ नीट आणलं तर खालची तिवरं आणि विजेचे टॉवर काळेठिक्कर होतात. एडिटिंगमध्ये रंग वाढवले तर बायको म्हणते, संत्र्याचं सरबत सांडलंय. मोबाइल आहे, शिवाय जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. चूक एक्स्पोजरमध्ये होतेय की एडिटिंगमध्ये? तीन फोटो सोबत देतोय."

चूक एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घेतला त्यात, होतेय. एडिटिंगमध्ये तुम्ही ती झाकायला जाता आणि ती जास्त उघडी पडते.

तिन्ही फोटो लॅपटॉपवर मोठे करून पाहिले. पहिल्या फोटोत सूर्याभोवती जो पिवळा पट्टा आलाय, तिथूनच सुरुवात करतो, कारण तुमचा बहुतेक प्रश्न त्या पट्ट्यातच आहे. त्या जागी डोळ्यांना पिवळं दिसलं होतं का? नसणार. त्या वेळी तिथलं आभाळ तांबूस केशरी असतं. कॅमेरा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत साठवतो, आणि जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, प्रत्येक आकडा ० ते २५५ एवढाच असू शकतो. समजा, तो केशरी रंग म्हणजे लाल २४०, हिरवा १२०, निळा ४०. आता एक्स्पोजर वाढलं. लाल २५५ ला जाऊन टेकला, त्याला पुढे जागाच नाही. हिरवा मात्र चढत राहिला, १६०, २००, २३०. लाल आणि हिरवा बरोबरीला आले की दिसतो पिवळा. आणखी प्रकाश गेला की निळाही वर येतो, आणि तिघेही भरले की पांढरा. तुमच्या फोटोत मधे पांढरा, भोवती पिवळा आणि त्याच्या बाहेर केशरी अशी जी वर्तुळं आहेत ती आभाळात नव्हतीच. लाल रंगाचं भांडं भरून वाहिलं, त्याच्या त्या खुणा आहेत.

एकदा लाल २५५ वर अडकला की तो खरा किती होता हे त्या फाइलमध्ये कुठेच उरत नाही. मग तुम्ही सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, ओढलंत की पिवळा आणखी पिवळा होतो आणि केशरी भगभगीत. सरबत सांडतं ते इथे.

कॅमेरा असं का करतो? कारण त्याला आभाळ, खाडी, तिवरं यातलं काही कळत नाही. समोरच्या उजेडाची सरासरी काढायची आणि ती मध्यम करड्या रंगाच्या आसपास आणून ठेवायची, एवढंच त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला शिकवलेलं असतं. तुमच्या फ्रेमचा खालचा अर्धा भाग तिवरांनी आणि चिखलाने भरलेला आहे, म्हणजे काळपट. कॅमेऱ्याला वाटतं फोटो अंधारा होतोय, म्हणून तो उजेड वाढवतो. तिवरांत थोडं हिरवं दिसायला लागतं आणि त्याची किंमत आभाळ मोजतं. डोळ्यांचं तसं नाही. आपण सूर्याकडे बघतो तेव्हा बाहुली बारीक होते, खाली तिवरांकडे बघितलं की सैल होते, आणि मेंदू दोन्ही जोडून आपल्याला एकच देखावा दाखवतो. एका क्लिकमध्ये कॅमेऱ्याला ते जमत नाही. म्हणून कुणाला वाचवायचं हे आधी तुम्ही ठरवायचं. सूर्यास्तात माझं उत्तर ठरलेलं आहे. आभाळ वाचवायचं, जमीन काळी झाली तर होऊ द्यायची. सावलीतला भाग नंतर थोडाफार वर काढता येतो, उडालेलं आभाळ परत आणता येत नाही.

मोबाइलवर हे करायला अर्धं मिनिट लागतं. आधी लेन्स पुसा. चेष्टा नाही करत. खिशातून काढलेल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटांचं तेल असतं. दुपारी ते जाणवत नाही, पण सूर्य समोर आला की तेच तेल उजेड पसरवतं आणि सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येतो. तुमच्या दुसऱ्या फोटोतली ती तिरकी धुरकट रेघही लेन्सवरच्या अशाच डागाची आहे. मग सूर्यावर नाही, तर सूर्याच्या शेजारच्या उजळ आभाळावर बोट दाबून धरा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक झाल्याची खूण येईल. त्यानंतर बाजूला दिसणारी पट्टी किंवा सूर्याची खूण खाली ओढा. किती ओढायची? स्क्रीनवर आभाळाचा रंग डोळ्यांना दिसतोय त्याहून किंचित गडद होईपर्यंत. हा 'किंचित' महत्त्वाचा, कारण बाहेरच्या उजेडात स्क्रीन फसवते.

आणि अल्ट्रावाइड लेन्स विसरा. आभाळात सूर्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश असते. मोबाइलची मुख्य लेन्स जेवढं दाखवते त्यात सूर्य फ्रेमच्या रुंदीच्या दीडशेव्या भागाएवढाही भरत नाही, अल्ट्रावाइडवर तर ठिपकाच. "सूर्य एवढा मोठा दिसत होता आणि फोटोत हरभऱ्याएवढा आला" या तक्रारीचं कारण हेच. डीएसएलआरचा हिशेब सोपा आहे: लेन्सचे मिलिमीटर भागिले ११० केले की सेन्सरवर पडणाऱ्या सूर्याचा व्यास मिळतो. ५५ मिमीवर तो अर्धा मिलिमीटर, २०० वर सुमारे १.८, ४०० वर साडेतीन-पावणेचार. मुलुंडच्या इमारतींमागे परातीएवढा लाल सूर्य दाखवणारे जे फोटो तुम्ही पाहता ते ४००-६०० मिमीचे असतात. तुमच्या १८-५५ मधून तसा फोटो निघणार नाही, त्यामागे लागू नका. त्या लेन्सने आभाळ, पाण्यातलं प्रतिबिंब आणि टॉवरांची रांग धरा. सूर्य त्यात छोटाच शोभतो.

डीएसएलआरवर तीन गोष्टी आधीच ठरवून टाका, म्हणजे सूर्य बुडत असताना बटणं शोधावी लागणार नाहीत. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फारसा हात न लावलेली कच्ची फाइल. आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, १००. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून 'डेलाइट'वर.

व्हाइट बॅलन्सचं थोडं सांगतो, कारण तुमचा रंग फिका पडण्यामागचा तो दुसरा आरोपी आहे. ऑटो व्हाइट बॅलन्स ही सोय ट्यूबलाइटखाली चेहरा हिरवा पडू नये म्हणून आहे. त्याला वाटतं, सगळीकडे केशरी उजेड पसरलाय म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि तो गुपचूप निळा मिसळतो. तुम्ही ज्यासाठी घराबाहेर पडलात तोच रंग तो धुऊन टाकतो. डेलाइट म्हणजे साधारण ५,२०० ते ५,५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), तिथे रंग जसाच्या तसा राहतो. 'क्लाउडी'वर तो आणखी ऊबदार होतो. काही जण 'शेड'वर नेतात, मला ते सहन होत नाही, पाणीसुद्धा चहासारखं दिसायला लागतं. रॉ असेल तर हे नंतरही बदलता येतं, हे खरं. पण मागच्या स्क्रीनवर दिसणारा फोटो आणि हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे उजळ किती ते दाखवणारा आलेख) हे दोन्ही निवडलेल्या व्हाइट बॅलन्सनुसारच बनतात, त्यामुळे चुकीच्या सेटिंगवर तुमचा अंदाजही चुकतो.

हिस्टोग्राम म्हणाल तर लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा लावा. कॅमेऱ्याच्या मेनूत तो सहसा असतो. एकत्रित पांढरा आलेख सूर्यास्तात धडधडीत खोटं बोलतो. त्यात उजवीकडे जागा शिल्लक दिसते आणि त्याच वेळी लाल आलेख भिंतीला चिकटून वर गेलेला असतो. लाल आलेख उजव्या भिंतीपासून जरासा अलीकडे राहील इतकं एक्स्पोजर कमी करा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, हे बहुतेक वेळा उणे २/३ ते उणे दीड स्टॉपच्या मधे कुठेतरी येतं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). सूर्याची चकती पांढरी झाली तरी चालेल, ती इतकी प्रखर असते की तिला वाचवायला गेलात तर बाकी सगळं रात्र होईल. भोवतीचं वलय मात्र पिवळं पडता कामा नये.

आता एक संध्याकाळ सांगतो, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर येतील. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा होता, वाशीचं सागर विहार. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाने डिवचलं होतं की, "सर, तुमचे फोटो महागड्या लेन्सचे असतात." म्हणून त्याचीच १८-५५ उसनी घेतली आणि ट्रायपॉड उचलला. पावणेसहाला पोहोचलो. ओहोटी होती. चिखल उघडा पडलेला आणि त्यातून पाण्याच्या दोन-तीन नागमोडी वाटा. हे माझ्या पथ्यावर पडणारं होतं, कारण ओला चिखल आरशासारखा काम करतो, आणि काळ्या जमिनीत आभाळाचा रंग सांडल्यावर खालचा भाग मेलेला वाटत नाही. तुमच्या फ्रेममधली तिवरं काळी होतात ही अडचण अर्धी इथेच सुटते. जमीन उजळ करायच्या नादाला न लागता, जमिनीवर उजेड परत फेकणारं काहीतरी फ्रेममध्ये घ्यायचं. पाणी, ओला चिखल, पावसानंतरचा कट्टा, काहीही.

सूर्य क्षितिजाच्या वर दोनेक बोटं होता तेव्हा एफ ८ ला (लेन्सचं छिद्र किती उघडं त्याचा आकडा) शटर १/४०० सेकंद. लाल आलेख भिंतीच्या अलीकडे, कट्टा काळा. सव्वासहाला सूर्य समोरच्या धुरकटीत शिरला आणि त्याची झळ गेली, चकतीकडे बघता यायला लागलं, तेव्हा १/१२५. आपल्याकडे सूर्याची कड क्षितिजाला टेकल्यापासून तो पूर्ण बुडायला दोन-सव्वादोन मिनिटं लागतात, त्यामुळे त्या वेळी लेन्स बदलणं, फिल्टर काढणं असले उद्योग करू नयेत. सूर्य गेला. कट्ट्यावरची गर्दी उठली, भेळवाल्याभोवती जमली. मी तिथेच थांबलो, तो मुलगा घड्याळ बघत होता. पुढची पाच-सात मिनिटं आभाळ राखाडी झालं, आता काही नाही असं वाटावं इतकं. मग वर पसरलेल्या पिंजलेल्या ढगांना खालून रंग चढायला लागला. आधी पिवळट, मग गुलाबी, मग तो जांभळट लाल. सूर्य आपल्यासाठी बुडालेला असतो, वरच्या ढगांसाठी नाही. त्याचा उजेड त्यांच्या पोटाला खालून लागत असतो. एव्हाना शटर १/१५ वर आलं होतं. आणि इथे एक गोष्ट बघण्यासारखी झाली. सूर्यच नसल्यामुळे आभाळ आणि जमीन यांतला फरक खूप कमी झाला होता. उणे काही करावंच लागलं नाही. एकाच फ्रेममध्ये आभाळही राहिलं, चिखलातली वळणंही आणि डावीकडे वाशीच्या पुलावरचे दिवेही. पावणेसात वाजायच्या सुमाराला शटर सेकंदावर गेलं, पाणी रेशमासारखं झालं आणि आभाळाचा निळा चढला.

त्या संध्याकाळचे माझे ठेवलेले चार फोटो आहेत, चारही सूर्य बुडाल्यानंतरचे. मुलगा लेन्स परत घेताना काही बोलला नाही.

उजेड कमी झाल्यावर ट्रायपॉड लागतोच. नसेल तर कट्ट्यावर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, बोटाचा धक्का लागत नाही. ट्रायपॉडवर असताना लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन बंद करा. लेन्सवर यूव्ही फिल्टर चढवलेला असेल तर सूर्य समोर असताना तो काढा, नाहीतर त्याच्यामुळे हिरवट ठिपके येतात. आणि २००-३०० मिमीची लेन्स कधी घेतलीत तर तिच्यातून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्याकडे बघू नका, लाइव्ह व्ह्यू वापरा, म्हणजे मागच्या स्क्रीनवरच बघा. डोळा एकदा भाजला की दुरुस्ती नाही.

ग्रॅज्युएटेड फिल्टरबद्दल लोक हमखास विचारतात, म्हणजे वर काळसर आणि खाली पारदर्शक असलेली ती काच. मोकळ्या समुद्रावर छान. आपल्याकडे क्षितिजावर इमारती, टॉवर, टेकड्या उभ्या असतात, आणि त्या काचेने त्यांची डोकी काळी होतात. माझी काच पाच वर्षं कपाटात आहे. त्यापेक्षा ट्रायपॉडवरून दोन फ्रेम घ्या, एक आभाळासाठी आणि एक त्याच जागेवरून दोन स्टॉप उजळ, जमिनीसाठी. घरी दोन्ही हाताने जोडा. मोबाइल किंवा सॉफ्टवेअर अशा फ्रेम आपोआप जोडून जो एचडीआर फोटो बनवतं त्यात हलती तिवरं आणि उडते पक्षी दुहेरी येतात, शिवाय टॉवरच्या कडेला पांढरी किनार उमटते.

जागा आणि महिना यांचाही हिशेब ठेवा. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात क्षितिजावर सुमारे पन्नास अंश सरकतो. डिसेंबरात तो पश्चिमेपासून दक्षिणेकडे पंचवीसेक अंश मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. म्हणजे सागर विहारवरून डिसेंबरात तो डावीकडे मानखुर्द-ट्रॉम्बेच्या अंगाला जाईल आणि उन्हाळ्यात उजवीकडे विक्रोळीच्या बाजूला. एखादा टॉवर ठरावीक जागी सूर्यासमोर हवा असेल तर वर्षातले त्याचे दिवस ठरलेले असतात. वेळही बदलते. नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या आसपास, जुलैच्या सुरुवातीला सात-वीसच्या आसपास.

ठाण्यात पश्चिमेला येऊरचे डोंगर आडवे आहेत. त्यामुळे उपवन तलावावर सूर्य मोबाइलमध्ये दाखवलेल्या वेळेच्या बराच आधी डोंगराआड जातो. त्याची चकती टिपायला तिथे जाणारा माणूस दरवेळी चुकतो. पण डोंगराची काळी कड, वरचा रंग आणि तलावातलं प्रतिबिंब यासाठी उपवन उत्तम. मासुंदा तलावावर, म्हणजे तलावपाळीला, मी सूर्यासाठी जातच नाही. तिथे दिवेलागणीनंतर जायचं, आभाळ गडद निळं आणि पाण्यात दिव्यांच्या रेघा. तुमच्या नवी मुंबईकडून मात्र पश्चिमेला खाडीच असल्याने आभाळ मोकळं मिळतं, हे नशीब ठाणेकरांना नाही. टॉवरांना शिव्या घालू नका. खाडीतून गेलेली ती उच्च दाबाच्या तारांची रांग हीच तुमच्या भागाची ओळख आहे, तिची छायाकृती दुसऱ्या कुणाकडे नाही.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात तेव्हा सीवूड्स-नेरुळच्या पाणथळीत त्यांच्या छायाकृती मिळतात. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, हा दर्जा मिळाला. पक्षी उडवण्यासाठी टाळ्या वाजवणारे आणि दगड मारणारे फोटोग्राफर मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यांच्या शेजारी उभं राहू नये. दुसरा धोका तिवरांतल्या डासांचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

हवा कशी हवी? लोकांना वाटतं प्रदूषणामुळे रंग येतात. उलट आहे. सूर्य खाली आला की त्याच्या उजेडाला जास्त हवेतून वाट काढावी लागते, हवेतले बारीक रेणू निळा उजेड इकडेतिकडे उडवून देतात आणि लाल-केशरी आपल्यापर्यंत पोहोचतो. त्याला स्वच्छ हवा लागते. धुळीचे आणि धुराचे मोठे कण सगळेच रंग सारखे पसरवतात आणि आभाळ मळकट करतात. म्हणून जानेवारीत सूर्य लालबुंद चेंडूसारखा दिसतो पण आभाळ पोतेऱ्यासारखं. त्या दिवसांत लांब लेन्सवाल्यांनी चेंडू टिपावा. तुमच्या लेन्ससाठी सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. दुपारी सर येऊन गेलेली, वर विरळ ढग, पश्चिमेच्या क्षितिजाला मात्र फट मोकळी. ती फट बंद असेल तर ढग कितीही सुंदर असोत, उजेड आतच येत नाही; घरी जाऊन चहा घ्यावा. या दिवसांत एसी गाडीतून थेट कॅमेरा बाहेर काढू नका, दमट हवेने काच धुरकटते आणि तुमची ती दोन मिनिटं पुसण्यात जातात. पोहोचायच्या आधी एसी बंद करा आणि कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

आता एडिटिंग. सागर विहारच्या चारपैकी एका फ्रेमवर मी काय केलं ते सांगतो. आकडे उतरवून घेऊ नका, क्रम बघा. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ उघडली. रंगाचं तापमान ५,६०० केल्विन. क्षितिज सरळ केलं, ते आधीच करावं, नाहीतर बाकी सगळ्यावर मेहनत करून शेवटी कापताना फ्रेम बिघडते. हायलाइट्स (उजळ भाग) उणे ५५. शॅडोज (सावलीतले भाग) फक्त अधिक २०. इथे बहुतेकांचा हात घसरतो. शॅडोज शंभरपर्यंत नेले की तिवरं करडी होतात, त्यात रंगीत दाणे येतात आणि संध्याकाळी सहाला दुपारचे तीन वाजल्यासारखं दिसतं. सूर्यास्तात काळ्याला काळं राहण्याचा हक्क आहे. म्हणून लगेच ब्लॅक्स उणे १०, म्हणजे काळ्याला बूड मिळालं.

मग आभाळावर वरून खाली येणारा लिनिअर ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू विरत जाणारा बदल. त्यात एक्स्पोजर उणे ०.४ आणि डीहेझ अधिक ८. डीहेझ आपल्या धुरकट हवेसाठी देणगी आहे, पण पंधराच्या पुढे गेला की आभाळात काळे ढिगारे दिसतात. खालच्या चिखलावर ब्रशने, फक्त जिथे उजेड परत येत होता तिथे, अधिक ०.३.

आणि रंग? सॅच्युरेशनची पट्टी मी शून्यावरच ठेवली. व्हायब्रन्स अधिक ८, कारण तो आधीच भडक असलेल्या रंगांना फारसा हात लावत नाही, मवाळ रंगांना उचलतो, त्यामुळे वरचा जांभळट भाग जागा झाला. मग रंगनिहाय पट्ट्यांत जाऊन केशरीचं सॅच्युरेशन उणे १२ केलं, त्याची ल्युमिनन्सही उणे ८. होय, उणे. केशरी कमी उजळ केला की तो जास्त खोल दिसतो, आणि शेजारी निळा-जांभळा असला की तो आपोआप उठून येतो. डोळ्यांना रंग शेजारच्या रंगाच्या मानाने कळतो. सगळंच केशरी केलं की केशरी कशाच्या मानाने दिसणार? तुमचं सरबत व्हायचं दुसरं कारण हे. फोटोत एक कोपरा थंड राहू द्या.

जेपेग आणि रॉ यांतला फरकही इथेच दिसतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. रॉ १२ बिटांची असेल तर ४,०९६, १४ बिटांची असेल तर १६,३८४. सूर्यास्ताचं आभाळ म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू सरकणारा मोठा पट्टा, आणि त्याला ताण दिला की जेपेगच्या पायऱ्या संपतात, आभाळात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पट्टे दिसतात. तुमच्या दुसऱ्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात ते आहेतच. मोबाइलवर फुकटात करायचं असेल तर स्नॅपसीड पुरेसं आहे. त्यातलं 'सिलेक्टिव्ह' शिका, एखाद्या जागेवर बोट ठेवून तेवढ्याच भागाचा उजेड कमी-जास्त करता येतो. 'एचडीआर स्केप' मात्र उघडूही नका.

एडिट करून झालं की मोबाइल बाजूला ठेवा, जेवून या, मग बघा. रात्री अंधाऱ्या खोलीत, स्क्रीन पूर्ण उजळ करून आणि नाइट मोडची पिवळी झाक चालू ठेवून केलेलं एडिटिंग सकाळी ओळखू येत नाही. याची फी मी भरलेली आहे. एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यासाठी नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या बाजूचा एक सूर्यास्त मोठा प्रिंट करून घेतला. प्रिंट आला तो कोळशासारखा. लॅबवाल्याशी भांडलो, त्याने पुन्हा काढून दिला, तोही तसाच. तिसऱ्यांदा त्याने मला त्याच्या मॉनिटरवर माझी फाइल दाखवली. फाइलच काळी होती. मी महिनाभर मॉनिटर शंभर टक्के ब्राइटनेसवर ठेवून काम करत होतो, त्यामुळे माझ्या डोळ्यांना जो फोटो नीट वाटायचा तो प्रत्यक्षात स्टॉपभर अंधारा असायचा. आता मी पांढरा कागद मॉनिटरशेजारी धरतो आणि स्क्रीनवरचा पांढरा त्याच्याइतका दिसेल एवढाच ब्राइटनेस ठेवतो. प्रिंटसाठी फाइल अंदाजे अर्धा स्टॉप उजळ करून देतो आणि आधी छोटा तुकडा छापून बघतो. नातेवाइकांना पाठवायचा असेल तर एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत एक्स्पोर्ट करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळ्या मेहनतीचे पुन्हा पापुद्रे होतात.

तुमच्या फोटोंबद्दल. पहिला जेपेग आहे आणि लाल उडालेला आहे, तो सोडून द्या, त्यात काही निघणार नाही. दुसऱ्याची रॉ असेल तर ती पुन्हा शून्यापासून उघडा, तुमचं आधीचं एडिट विसरून. टॉवरांची रांग चांगली पकडलीय, तिला काळीच ठेवा. तिसरा मोबाइलवरचा आहे, फाइलवर वेळ ६.४१ दिसतेय, म्हणजे सूर्य बुडून बराच वेळ झाला होता आणि तुम्ही बहुधा परत निघताना सहज काढलाय. त्यावर तुम्ही काही केलेलंही दिसत नाही. खाली पाण्यात टॉवरचं तुटक प्रतिबिंब, वर फिकट जांभळा आणि क्षितिजाशी केशरीची एकच बारीक रेघ. तो तसाच ठेवा. फक्त दीडेक अंश डावीकडे कललाय, तेवढा सरळ करा.